धूर लागलेली साठ पोती

मंगळवार, ११ नोव्हेंबर
दुपारचे ४ वाजून १० मिनिटे

ताई,

साठाव्या पोत्याचं तोंड शिवत होतो. एकवीस टाके घालायचे असतात, सतरा झाले होते. सुई तशीच अडकवून ठेवली आणि वजनकाट्याशेजारच्या टेबलावर हे लिहायला बसलो. आठ वर्षांत मी तुला एकही पत्र लिहिलं नाही. तुझी तीन आली, ती नीट ठेवली आहेत.

तू गेल्यावर सोसायटीने तुझी जागा मला दिली, हे तुला कुणीतरी कळवलंच असेल. एकेचाळीस घरांचा कोको माझ्या नाकाखालून जातो. मूठभर बिया घ्यायच्या, तळहातात गरम करायच्या, हुंगायच्या, मगच माल ढिगात घ्यायचा. तू शिकवलंस तसंच करतो. तुझ्याइतकं नाक मला नाही, पण मी सावकाश करतो, त्यामुळे आजवर चूक झाली नाही.

आज साडेतीनला ट्रकवाले काका माल भरायला आले. पहिलंच पोतं त्यांनी खांद्यावर घेतलं आणि म्हणाले, "काय रे मोजणीदार, यंदा कोको शेकून पाठवताय होय? कारखान्याचं काम वाचवलंत!" तू मला ठेवलेलं नाव आता सगळे वापरतात.

ते हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की मी हसत नाही आहे. म्हणाले, "अरे, धूर आहे याला. तुला येत नाही वास?"

मला येत नाही, ताई. मी पाच पोती उसवून पाहिली. मला गोणपाटाचा वाससुद्धा येत नाही.

कुणाच्या तरी मालाला धूर लागला असावा. इतका पाऊस झाला, कुणीतरी घाबरून चुलीवर वाळवला असेल. कुणाचा ते आता सांगता यायचं नाही, कारण सगळा माल ढिगात एक झाला आहे. ढीग फावड्याने दोनदा उलथायचा असतो. मी तीनदा उलथला. दोनदाच उलथला असता तर कदाचित काही पोती सुटली असती.

आता मुद्द्याचं. नमुन्याची सीलबंद पिशवी याच ट्रकने येते आहे. तिच्यावर फक्त क्रमांक असतो, सोसायटीचं नाव नसतं. आमचा क्रमांक ३१८. शुक्रवारी अकरा वाजता कारखान्यात नमुन्याच्या शंभर बिया तुझ्या टेबलावर कापून तपासल्या जातात, असं काकांकडून कळलं. काकांना मी सांगितलं आहे की कुणाला बोलू नका. ते म्हणाले, "मी ड्रायव्हर आहे, वर्तमानपत्र नाही."

पत्राबरोबर एक पत्र्याचा डबा आहे. त्यात शंभर बिया आहेत. एकेक निवडून घेतली आहे. डबा तुझ्या हाताशी असू दे. एवढंच.

तुझा भाऊ

ता.क. बाबा बरे आहेत.


गुरुवार, १३ नोव्हेंबर
दुपारचे १ वाजून ५ मिनिटे

ताई,

काका आत्ताच परतले. मी विचारलं, "काय म्हणाली?"

"वाचलं तिनं, उभ्याउभ्या. घडी घातली, ॲप्रनच्या खिशात ठेवली. मग विचारलं, पोती त्यानंच शिवली का? मी म्हटलं हो. म्हणाली, टाके बघून वाटलंच."

"आणि डबा?"

"घेतला. उघडला नाही. तुमच्या घरात सगळेच असे कसे रे? बोलत कुणीच नाही, नुसते वास घेतात."

ते संध्याकाळी पुन्हा माल घेऊन निघतील आणि उद्या सकाळी तुझ्याकडे पोचतील. म्हणजे हे पत्र तुला तपासणीच्या आधी मिळेल. म्हणून आता स्पष्ट लिहितो. पिशवीतल्या बिया बाजूला ठेव आणि डब्यातल्या काप. 'काप' दोनदा गिरवलं आहे.

धुराचा माल आपलाच आहे.

आठ दिवस सूर्य दिसला नाही. पेट्यांमध्ये सहा दिवस आंबवून झालं होतं, केळीची पानं काढून बिया चटयांवर घातल्या आणि पाऊस लागला. ओट्यावर आणल्या, मग खोलीत आणल्या, मग माझ्या खाटेवर. पाचव्या दिवशी पांढरी लव दिसायला लागली. चार पोती माल होता, या वर्षाचा सगळा. बाबांनी चुलीवर दोऱ्या बांधून चटया टांगल्या. मी नको म्हणत होतो. पण तू त्यांना ओळखतेस.

आणि बाबा बरे नाहीत. परवा खोटं लिहिलं. त्यांची छाती भरलेली असते, गोळ्यांची एक पट्टी पाच दिवस पुरते. अंगणापर्यंत गेले की दोनदा थांबतात.

शिक्का गेला तर काय होईल ते तुला सांगायला नको, पण सांगतो. रास्त भावाच्या शिक्क्याने पोत्याला ५०० मिळतात आणि वर ५० सोसायटीला. ते वरचे पैसे आम्ही तीन वर्षं वाळवणाच्या शेडसाठी साठवतो आहोत. छप्पर असलेली, बाजूंनी उघडी. खर्च ७०००. जमले ४१००. यंदाचे ३००० आले की झालं, वर शंभर उरतात. एकेचाळीस घरांनी हात वर करून ठरवलं आहे. अध्यक्ष मावशी म्हणाल्या होत्या, "पुढच्या वर्षी पावसाला सांगू, ये बाबा, आता बसायला जागा आहे." ही शेड गेल्या वर्षीच झाली असती, पण शिक्क्याच्या तपासणीची फी भरावी लागली. ती शेड असती तर हा धूर झाला नसता.

तू म्हणशील, मग मला कशाला विचारतोस? तुलाच विचारायला मला लाज वाटायला हवी, हे मला कळतं. याच काट्यावर, सगळ्यांसमोर, तू बाबांच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातलास आणि तळची बुरशी बाहेर काढलीस. म्हणालीस, "बाबा, हे परत घेऊन जा." लोक हसले. बाबा म्हणाले, एवढं नाक असेल तर जिथे कुणी ओळखीचं नाही तिथे जाऊन हुंग. तिसऱ्या दिवशी तू गेलीस. तुझं बरोबर होतं, पण ताई, तुझ्या बरोबर असण्याची किंमत काही तू एकटीने भरली नाहीस. त्या वर्षी मी आठवीत होतो. पुढच्या वर्षी कुठल्याच इयत्तेत नव्हतो. रागाने लिहीत नाही. हिशेब पुरा असावा म्हणून लिहितो.

तुमच्या कारखान्याच्या चॉकलेटच्या वेष्टणावर बाबांचा हसरा फोटो आहे. तू तो रोज पाहत असशील. ते कशाला हसत होते, ते कधीतरी सांगेन.

शंभर बिया, ताई. पाच मिनिटांचं काम. आयुष्यात पुन्हा काही मागणार नाही.

तुझा भाऊ


शुक्रवार, १४ नोव्हेंबर
सकाळी ११ वाजता

ताई,

आत्ता तू कापत असशील. एक पिशवी किंवा एक डबा. हे पत्र टपालाने येईल, सोमवारपर्यंत. त्याने आता काही बदलत नाही, म्हणून खरं लिहिता येईल असं वाटतं.

चटया बाबांनी टांगल्या नाहीत. मी टांगल्या.

बाबा खाटेवरून म्हणाले, "नको. टाकून दे." मी म्हटलं, चार पोती टाकून गोळ्या कशाने आणायच्या? ते म्हणाले, "तुझी ताई असती तर टाकलं असतं." आठ वर्षांत त्यांच्या तोंडून तुझा उल्लेख मी पहिल्यांदा ऐकला, आणि मला इतका राग आला की मी ओली लाकडं घातली. ओल्या लाकडांचा धूर जास्त होतो हे मला माहीत होतं. दुसरी नव्हती, हेही खरं.

दोन दिवस मी चुलीपाशी बसून बिया हलवल्या. बाबांना धूर सोसेना, म्हणून त्यांना ओट्यावर, तट्ट्याच्या आडोशाला निजवलं. तिसऱ्या दिवशी मी आमचा माल सोसायटीत आणला, तळहातात गरम केला, सगळ्या नियमांनी हुंगला. काही वास आला नाही. मला किती आनंद झाला सांगू! धूर लागलाच नाही, वाचलो, असं वाटलं. वहीत लिहिलं: चार पोती, स्वच्छ. दोन दिवस धुरात बसलेल्या माणसाला धुराचा वास कसा येणार, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. काका बोलेपर्यंत आलं नाही. म्हणजे मी ते मुद्दाम केलं नाही. पण दुसऱ्या कुणाचा माल असता आणि माझं नाक बंद असतं, तर मी मावशींना हाक मारून खात्री केली असती. आमच्या मालाला मी कुणाला हाक मारली नाही. हे मुद्दाम आहे की नाही, मला ठरवता येत नाही.

आणखी दोन गोष्टी. त्यांचा कोकोशी संबंध नाही.

तुझी तीन पत्रं मी बाबांना दाखवली नाहीत. पहिल्या पत्रात तू लिहिलं होतंस की बोलावलं तर परत येईन. तू आलीस तर काटा आणि वही पुन्हा तुझ्याकडे जाणार, कारण तुझं नाक चांगलं. मला महिन्याला ११० मिळत होते. मी चौदा वर्षांचा होतो, पण पुढे बावीसचा झालो तरी पत्रं तशीच ट्रंकेत राहिली. बाबांना वाटतं तू एक ओळही लिहिली नाहीस.

दुसरी गोष्ट फोटोची. तू गेल्यानंतर दोन वर्षांनी कारखान्याचा माणूस कॅमेरा घेऊन आला. त्याला हसरा शेतकरी हवा होता. बाबांना म्हणाला, "काका, हसा ना जरा." बाबा दात दाखवत होते, पण ते हसणं नव्हतं. त्याने वीसेक फोटो काढले आणि वैतागला. बाबांचा फोटो लागला तर २० मिळणार होते. म्हणून मी मागून ओरडलो, "बाबा, ताई आली!"

ते वळले. तो फोटो आहे तो.

नंतर त्यांनी मोकळा रस्ता पाहिला आणि माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. तू रोज जे वेष्टण पाहतेस, त्यावर ते तुला पाहून हसत आहेत. ते तुला सहा वर्षं माहीत नाही, आणि ते माझ्यामुळे.

अकरा वाजून चाळीस झाले. तपासणी संपली असेल. डबा कापला असशील तर आम्ही वाचलो. तू डबा कापावास असं मला वाटतं. तू डबा कापलास असं कळलं तर मात्र या जगात विश्वास ठेवायला जागा राहणार नाही, असंही वाटतं. दोन्ही एकाच वेळी वाटतं. जेवण जात नाही.

भाऊ


बुधवार, १९ नोव्हेंबर
सकाळचे ९ वाजून २० मिनिटे

ताई,

डबा शनिवारी पोचला. काका एकही थट्टा न करता टेबलावर ठेवून गेले, तेव्हाच कळलं. आत शंभर बियांच्या दोनशे फोडी, दहा-दहाच्या ओळींत कागदांच्या थरांवर मांडलेल्या. तुझी चिठ्ठी मला पाठ झाली आहे, तरी इथे उतरवतो, म्हणजे दोघांकडे एकच मजकूर राहील.

"नमुना ३१८: धूर. वहीत लिहिलं. तुझ्या डब्यात शंभरात दोन जांभळ्या, बाकी उत्तम. डब्याचं मी कुठे लिहिलेलं नाही. ते तू सांग. चुलीपाशी बसला होतास ना? नाक आठवड्याने येतं. वाफ घे."

दोन जांभळ्या, म्हणजे पुरत्या न आंबलेल्या! मी एकेक उजेडात धरून निवडली होती. पण न कापता आतला रंग कसा दिसणार, हे तू पहिल्याच दिवशी शिकवलं होतंस.

सोमवारी सोसायटीची सभा झाली. एकेचाळीस घरांतली अडतीस माणसं आली. मी उभा राहिलो आणि वहीत लिहून आणलेलं वाचलं. माल आमचा, धूर मी केला, हुंगला मी, उलथला मी. मग आपल्या शेजारच्या बांधावरचे मामा म्हणाले, "नाक म्हणून ठेवला होता, त्यानंच आमचं नाक कापलं." त्यांच्या बायकोने माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यांच्या घरात मुलीची फी भरायची आहे, मला माहीत आहे, कारण आगाऊ रक्कम मागायला आल्या तेव्हा मीच म्हटलं होतं, माल पास झाला की लगेच.

तिथे थांबता आलं असतं. डब्याचं कुणाला माहीत नव्हतं. मी पान उलटलं आणि तेही वाचलं.

मग मात्र सगळे एकदम बोलायला लागले. हे शिक्क्याच्या कार्यालयाला कळलं तर वर्षभर शिक्का बंद होऊ शकतो. एकजण म्हणाला, "सांगायचंच कशाला? तोंड शिवता येत नव्हतं? पोती तर बरी शिवतोस!" मावशींनी टेबलावर हात आपटला.

"डब्यात कुणाच्या बिया भरल्यास?"

"तुमच्या, मावशी."

"का?"

"तुमचा माल सगळ्यांत चांगला असतो."

कुणीतरी हसलं. मावशी हसल्या नाहीत. म्हणाल्या, "म्हणजे माझा माल घेऊन माझ्याच शेडला आग लावलीस. बस खाली. आता रडायला लागू नकोस, सभेला वेळ नाही."

तेवढ्यात बाबा आले. काकांच्या खांद्याला धरून, वाटेत सहा वेळा थांबून. बसायला जागा नव्हती, म्हणून काकांनी त्यांना काट्याच्या फळीवर बसवलं. काटा फिरला आणि चव्वेचाळीस किलोवर थांबला. सगळ्यांनी पाहिलं. बांधावरच्या मामांनी मान खाली घातली.

बाबा म्हणाले, "आठ वर्षांपूर्वी इथेच पोरीनं माझा माल परत केला. वरचा थर चांगला होता, खाली बुरशी होती. ती आपोआप खाली गेली नव्हती. मी घातली होती. तुम्ही हसलात ते मला लागलं, आणि मी तिला घालवलं. तिचं बरोबर होतं. हे तेव्हाच म्हणायचं होतं. तेव्हा दम होता माझ्याकडे."

पुढे खोकला आला आणि त्यांना बोलता आलं नाही.

सभेने ठरवलं ते असं. साठही पोती बंदरावरच्या बिनशिक्क्याच्या व्यापाऱ्याला द्यायची. डब्याची गोष्ट मावशी स्वतः शिक्क्याच्या कार्यालयाला कळवणार. मी काट्यावर राहणार नाही. पोती शिवणं आणि पेट्या उलथणं करीन, पगार न घेता, फिटेपर्यंत. आणि मावशी म्हणाल्या, "तिला विचार, येतेस का. नाक बाजारात मिळत नाही." हात वर करायला सांगितले. तेवीस वर झाले. पंधरा झाले नाहीत, तेही तुला माहीत असावं.

घरी आल्यावर मी ट्रंक उघडली आणि तुझी तिन्ही पत्रं बाबांना वाचून दाखवली. ते रागावतील म्हणून मी दाराजवळ बसून वाचली. पहिलं त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "तारीख काय आहे त्याच्यावर?" मी सांगितली. ते बोटांवर काहीतरी मोजत राहिले. माझ्याशी अजून बोललेले नाहीत, कामापुरतं सोडून.

काल सकाळी वाफ घेतली. आज उठलो तेव्हा घराला धुराचा वास येत होता. भिंतींना, पांघरुणांना, माझ्या केसांना, बाबांच्या उशीला. सगळ्या घराला. इतके दिवस सगळ्यांना येत होता.

खाली हिशेब देतो. दोनदा तपासला आहे.

विक्री: ६० पोती, ३१० प्रमाणे, १८,६००.
आमचं घर सोडून बाकीच्यांचं नुकसान: ५६ पोती, १९० प्रमाणे, १०,६४०.
शेडचे बुडाले: ३,०००.
एकूण माझ्याकडून येणं: १३,६४०.
आमच्या चार पोत्यांचे १,२४० सोसायटीत जमा केले. बाकी १२,४००.
महिना ११० प्रमाणे फिटायला नऊ वर्षं पाच महिने.
शिक्का वर्षभर बंद झाला तर त्याचं नुकसान: मोजता आलं नाही. ओळ कोरी ठेवली आहे.
टपालखर्च, आधीचं एक पत्र आणि हे दुसरं: ६. डबा मावशींना परत केला. त्यांचाच होता.
बाबांच्या गोळ्या, दोन पट्ट्या, ७० प्रमाणे: १४०. बाबांनी आणू दिल्या नाहीत. पैसे माझ्या हातात ठेवले आणि कशासाठी ते सांगितलं.
त्यातून तुझं बसचं तिकीट, एकेरी: १३२. या पाकिटात आहे.
उरले ८. तेही पाकिटात घातले आहेत. बाबा म्हणाले, वाटेत चहाला.